पहिला उतरलेला माणूस

“आणि मग मी उडी मारली,” बाबा म्हणाले, आणि खुर्चीतल्या खुर्चीत असे काही पुढे झेपावले की कॅमेरामन दचकून मागे सरला.

आमच्या दिवाणखान्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. दोन मोठे दिवे, तारांची वेटोळी, कॅमेरा, आवाज टिपणारा एक दाढीवाला माणूस आणि जमिनीवर मांडी घालून बसलेली तामार. सिनेमा ती करत होती. हिंदुस्थानातून इस्रायलला आलेल्या एका मराठी ज्यू कुटुंबाचा सिनेमा. ते कुटुंब म्हणजे आम्ही: माझे वडील शिमशोन चेऊलकर, आई रिबकाबाई आणि मी, सिपोरा. आई तिथे नव्हती. ती स्वयंपाकघरात सांदणं वाफवत होती आणि तिकडचा दरवाजा तिनं लोटून घेतला होता.

“नीट पहिल्यापासून सांगा ना,” तामार म्हणाली.

बाबांना तेच हवं होतं. त्यांची हिब्रू शेवटपर्यंत मराठी चालीचीच राहिली, पण ही गोष्ट सांगताना ती घोड्यासारखी दौडायची.

“बोटीतून उतरलो तसं आम्हांला ट्रकमध्ये बसवलं. म्हणाले, गाव जवळच आहे. दिवसभर ट्रक चालला. मावळतीला थांबला. बघतो तर वाळू! पत्र्याच्या झोपड्यांच्या चार ओळी आणि चहूकडे वाळू. आमच्याबरोबर दोन घरं आणखी होती, आपलीच, कोकणातली. बायकांनी रडायला सुरुवात केली. पुरुष म्हणाले, आम्ही उतरत नाही, परत न्या. मी म्हटलं, अरे, आपले वाडवडील दर शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवून ज्या भूमीचं नाव घेत बसायचे, तिथं आलात, आणि पाय खाली टाकायला भिता? मारली उडी. हिंदुस्थानातून आलेल्यांपैकी ह्या गावाच्या मातीवर उतरलेला पहिला माणूस मी!”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे काय? आले माझ्यामागून.”

तामारचे डोळे भरून आले. तिला रडू चटकन यायचं. तिची स्वतःची आजी मोरोक्कोहून आलेली. ती काहीएक न सांगता गेली, ह्याची तिला मोठी रुखरुख होती. मुलीच्या मनात खोट नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. पुढं जे झालं त्यात कुणाच्याच मनात खोट नव्हती.

बाबांची ही गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. शाळेत दरवर्षी ती सांगायला त्यांना बोलावत. मुंबईच्या गोदीत ते फिटर होते, इथल्या कापडगिरणीत मेकॅनिक झाले, निवृत्त झाले, पण ओळख राहिली ती ‘पहिला उतरलेला माणूस’ हीच. मी त्या ट्रकमध्ये होते. आठ वर्षांची होते, पण बोचक्यांवर झोपून गेले होते. जाग आली तेव्हा मी आईचं बोट धरून वाळूतून चालत होते. तेव्हा मलाही ती गोष्ट बाबांच्याच तोंडून ठाऊक.

बाबा एक माणूस मात्र गोष्टीतून गाळत. माझा भाऊ एलिया. आम्ही आलो तेव्हा तो सात महिन्यांचा होता. माझ्या पाठीवर कितीतरी वर्षांनी, एलियाहू हनाबीला, आमच्या प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलून झालेला. आम्ही त्याला एल्या म्हणत असू. तो पहिल्याच हिवाळ्यात गेला.

ते मी पाहिलंय. पत्र्याच्या घरात थंडी अशी शिरायची, की सकाळी पाण्याच्या बादलीला हात लावता येत नसे. एल्याची छाती भरली. बाबा कामावर होते. आईनं त्याला पदरात गुंडाळलं, मला बरोबर घेतलं आणि दवाखान्याच्या खोलीत गेली. डॉक्टर तिथे रोज नसायचा. नर्स होती. तिच्यापुढे रांग लागलेली. आई तिला म्हणत होती, “धाप लागलीय हो, धाप. बघा तरी.” नर्स बाकाकडे बोट दाखवत होती. आई माझ्याकडे वळून म्हणाली, “तू सांग गं, तू शाळेत जातेस ना.” मला तोवर हिब्रूत खुर्ची, दरवाजा, सूर्य आणि पाव एवढंच म्हणता येत होतं. आम्ही बाकावर बसलो. आमची पाळी आली तेव्हा आईच्या पदरात हालचाल नव्हती.

त्यानंतर आमच्या घरात त्याचं नाव निघालं नाही. दरवर्षी तो गेला त्या दिवशी बाबा सिनेगॉगमध्ये जाऊन कद्दिश, मेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणून येत आणि आई दिवा लावी. दोघं एकमेकांशी त्या दिवशी बोलत नसत. पुढं मी मोठी झाले, माझं लग्न झालं, त्याच गावात राहिले, आणि मला वाटत राहिलं की हे दुःख दोघांचं एकच आहे.

आई सिनेमात यायला तयार नव्हती. तामारनं परोपरीनं विनवलं. आईचं उत्तर ठरलेलं.

“मला मेलीला काय बोलता येतंय? त्यांना विचारा. त्यांना सगळं येतं.”

मग एका दुपारी तामार घाईघाईनं आली. तिला त्या काळातला, अगदी तसाच ट्रक मिळाला होता. आता ती आमचं गावात येणं नट-नट्यांना घेऊन उभं करणार होती. गावाबाहेर, जिथे झोपड्या होत्या त्याच जागी. बाबांच्या जागी एक उंचापुरा नट, आईच्या जागी ओर्ना नावाची मुलगी. बाबा इतके खूश झाले की त्यांनी लगेच उठून त्या उडीची जागा, दिशा, सगळं खोलीतच करून दाखवलं.

आई चहा घेऊन आली होती. ती ट्रे हातात धरून उभीच राहिली. मग मला मराठीत म्हणाली, “मूल खरं असणार का, विचार.”

“कुठलं मूल?”

“त्या मुलीच्या मांडीवर देतील ते. का बाहुलं देणार?”

मी विचारलं. तामार म्हणाली, खरंच असणार. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मेरावचं बाळ ठरलंय. तेही सहा-सात महिन्यांचंच होतं.

आईनं ट्रे खाली ठेवला. “मग मी येते म्हणावं.”

तामारनं उठून तिला मिठी मारली. बाबा माझ्याकडे बघून हसले. “बघितलंस? शेवटी आली ना वठणीवर.”

त्या दिवशी आईनं साडी नेसली. इथे आल्यावर काही वर्षांतच तिनं साडी सोडली होती, झगे घालायची. पेटीतून कुठली तरी जुनी हिरवी साडी तिनं काढली. ती घड्यांवर विरली होती. मी म्हटलं, “आई, फाटेल गं.” ती म्हणाली, “आजच्यापुरती टिकेल.”

गावाबाहेर जत्रा भरल्यासारखी माणसं जमली होती. पत्र्याच्या दोन झोपड्या नव्यानं उभारल्या होत्या. ट्रक मधोमध उभा. मागचं फळकूट खाली सोडलेलं, त्याला टेकवून एक लाकडी स्टूल. वरच्या बाकांवर दुसऱ्या घरांची सोंगं घेतलेली माणसं बसली होती, आणि कडेला ओर्ना, मेरावचं बाळ मांडीवर घेऊन. मेराव खाली उभी राहून बाळाला टाळ्या वाजवून हसवत होती. बाबा कोट घालून आले होते आणि त्या नटाला सांगत होते, “असं पाय चाचपडत नाही उतरायचं. छाती पुढे! मी उडी मारली होती, उडी.”

ओर्नाला मूल धड धरता येत नव्हतं. तामार आईजवळ येऊन म्हणाली, “रिबका, तू वर जाऊन तिला जरा दाखवशील? तू कशी बसली होतीस, बाळाला कसं धरलं होतंस?”

मी मराठीत सांगायच्या आधीच आई निघाली. स्टुलावर पाय ठेवून, मेरावच्या खांद्याचा आधार घेऊन ती वर चढली. ओर्नाच्या मांडीवरून तिनं बाळ उचललं, पदराखाली घेतलं, गुडघे जवळ ओढले आणि पाठ वाकवून अशी बसली की तिच्याखेरीज कुणाला त्या बाळाचं काही दिसेना. तामारनं खूण केली. कॅमेरा सुरू झाला.

ती तशीच थोडी डुलत राहिली. मग मोडक्या हिब्रूत ओर्नाला म्हणाली, “तू उतर.”

ओर्ना गोंधळून खाली आली. मग आई बाकीच्यांकडे वळली. “तुम्ही पण. उतरा.” त्यांनाही वाटलं, हे ठरलेलं असेल. एकेक करून ते उतरले. आई उठली, सरकत सरकत पार आत गेली आणि ड्रायव्हरच्या केबिनला पाठ टेकून बसली.

तामार थक्क होऊन बघत होती. थोड्या वेळानं तिनं मला हळूच ढोसलं. “अप्रतिम. आता सांग तिला, खाली ये.”

मी फळकुटापाशी गेले. “आई, झालं. ये खाली.”

“मी उतरत नाही.”

“अगं, त्यांचं झालंय सगळं.”

“त्यांचं झालं असेल. मी उतरत नाही.”

मला वाटलं, तिला स्टुलाची भीती वाटतेय. मी म्हटलं, मी धरते. तिनं नुसती मान हलवली आणि पदर बाळावर आणखी ओढून घेतला. मागून बाबा आले.

“रिबका, काय हा तमाशा? लोक खोळंबलेत.”

“खोळंबू द्या.”

“अगं, दुसऱ्याचं पोर आहे ते.”

“ठाऊक आहे मला कुणाचं आहे ते. माझं कुठंय, तेही ठाऊक आहे.”

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. मराठी कळणारं तिथे आम्हां तिघांशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी आवाज खाली आणला. “उतर. घरी जाऊन बोल काय बोलायचं ते.”

“घरी किती वर्षं झाली? बोललात? गावभर सांगत फिरता, बाकीचे माझ्यामागून आले. कोण आलं होतं तुमच्यामागून? सांगा ना आता, हिच्यासमोर सांगा. राजपूरकरांची हन्नाबाई आली? त्यांच्या घरातलं एक माणूस तरी उतरलं? पेझारकर उतरले?”

मी बाबांकडे पाहिलं. ते ट्रकच्या चाकाकडे बघत होते.

“नाही उतरले ते,” आई मला म्हणाली. “दोन्ही घरं रात्रभर ट्रकमध्ये बसून राहिली. थंडीत, बोचक्यांतले कपडे पांघरून. मला पण नव्हतं उतरायचं. मी हन्नाबाईचा हात धरून बसले होते. हे उडी मारून खाली उभे राहिले आणि हात वर केले. म्हणाले, दे त्याला माझ्याकडे. मी म्हटलं, नाही देत. दोनदा म्हटलं. मग हे चाकावर पाय ठेवून वर आले. एल्या माझ्या अंगावर पीत होता गं. त्याला माझ्या छातीवरून ओढून घेतलं आणि चालायला लागले. त्या झोपड्यांकडे. मागं वळून बघितलं नाही. पोर भुकेलं होतं, टाहो फोडत होतं. मग मी काय करणार होते? तुझं बोट धरलं नि उतरले.”

“तुला ऊन लागलंय,” बाबा म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

“सकाळी ड्रायव्हर आला. त्यानं डोक्याला हात लावला, शिव्या दिल्या आणि त्या दोन्ही घरांना घेऊन गेला परत. लोद शहराला. आमच्या झोपडीच्या दारातून मी बघत होते. हन्नाबाईच्या मांडीवर तिचा राफाएल होता. एल्याच्याच वयाचा. ती मला हात करत होती, ये, ये म्हणून. तेव्हा पण मी ह्यांना म्हटलं, अजून थांबलाय ट्रक. हे म्हणाले, पहिला उतरलेला माणूस परत चढत नसतो.” आईनं बाळावरचा पदर सारखा केला. “राफाएलला दोन मुली आहेत आता. लोदला मोठा दवाखाना होता. शेजारीपाजारी आपल्या बोलीची माणसं होती. त्याचीही भरली होती त्या हिवाळ्यात छाती. हन्नाबाईनंच कळवलं मला. चार दिवस तिथे ठेवून घरी सोडला त्याला.”

लोदच्या लग्नांना, बारशांना आई कधीही का जायची नाही, ते मला त्या ट्रकपाशी उभं असताना कळलं.

तामार माझ्या कानाशी आली. “काय म्हणतेय ती? सिपोरा, सांग ना.”

मी सांगितलं. जेवढं जमलं तेवढं, तुटक तुटक सांगितलं. तामारनं तोंडावर हात धरला. पण कॅमेरामननं तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिनं ‘थांबव’ अशी खूण केली नाही.

“मला काय ठाऊक होतं?” बाबा एकदम ओरडले. “असं होणार हे मला काय ठाऊक होतं, रिबका?”

“मला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं तुला?”

“उतरू नये, एवढं.”

बाबांनी फळकुटाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. त्यांना वर चढायचं असावं. गुडघा उचलला, पण तो वरपर्यंत जाईना.

“या,” आई म्हणाली. “या ना वर. घ्या ओढून. तेव्हा घेतलं होतंत.”

बाबांचे हात फळकुटावरून खाली घसरले. ते दोन पावलं मागे आले आणि तिथंच वाळूत, कोटासकट, बसले. मी त्यांना उठवायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला.

इतक्यात बाळ रडायला लागलं. आधी कुरकुर, मग भोकाड. मेराव इतका वेळ धीर धरून होती. ती आता पुढं धावली आणि ट्रकखाली उभी राहून तिनं दोन्ही हात वर पसरले. “दे ना. रिबका, दे तिला, भूक लागलीय.”

ते पसरलेले हात बघून आई अशी आकसली, की मला वाटलं ती आता केबिनची काच फोडून पलीकडे जाईल. “सिपोरा, तिला सांग, मी देत नाही. कुणाला म्हणजे कुणाला देत नाही.”

मेरावनं माझ्याकडे पाहिलं. मी ते हिब्रूत सांगितलं नाही. पण त्या मुलीनं काय ओळखलं कोण जाणे, तिनं हात खाली घेतले. स्टुलावर पाय देऊन ती वर चढली. आईजवळ गेली, तिला चिकटून बसली. मूल ओढलं नाही, मागितलंही नाही. नुसती सदऱ्याची बटणं काढली आणि बसून राहिली. बाळ किंचाळत होतं. आईनं मेरावच्या छातीकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. तिच्या साठीच्या अंगात द्यायला काही नव्हतं. मग तिनं पदर बाजूला केला आणि आपल्या हातांनी ते बाळ मेरावच्या मांडीवर ठेवलं.

रडणं थांबलं. बाळाच्या पिण्याचा आवाज खालपर्यंत येत होता.

आईचे हात होते तसेच राहिले, मूल धरल्यासारखे. मेराव बाळाला घेऊन उतरली तरी ते तसेच होते. सगळ्यांनी सामान आवरलं, दिवे गाडीत चढवले. ऊन गेलं. बाबा उठून ट्रकपाशी आले आणि त्यांनी तिच्यापुढे हात केला, उतरायला आधार म्हणून. आईनं तो पाहिला. ती ट्रकच्या दुसऱ्या बाजूला गेली, तिथलं फळकूट उंच होतं, ते धरून लोंबकळली आणि तशीच खाली आली. साडी कमरेपासून खालपर्यंत फाटली.

त्या आठवड्यात तामार आमच्याकडे आली. आई झोपली होती. बाबांनी तामारला बाहेर जिन्यात नेलं, मीही गेले. बाबांनी तिचे दोन्ही हात धरले. मी त्यांना कुणापुढे असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“ते दाखवू नकोस,” ते म्हणाले. “बाकी हवं ते दाखव. मी एक कापड विणणारी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. माझ्याजवळ ती एकच गोष्ट आहे.”

तामार रडली. म्हणाली, मी तुम्हांला असं उघड्यावर आणणार नाही. तिनं शब्द दिला आणि तो पाळला. आईला कुणी विचारलं नाही. मला तेव्हा वाटलं, हे दयेचंच झालं.

बाबांनी त्यानंतर ती गोष्ट सांगितली नाही. शाळेचं बोलावणं आलं तर तब्येतीचं निमित्त काढलं. दोघं एका घरात राहत होती, एका टेबलाशी जेवत होती. आई त्यांना वाढायची, औषध द्यायची, चष्मा शोधून द्यायची. पण ती त्यांच्याशी बोलत नव्हती. बाबा मात्र बोलत. अगदी साध्या साध्या गोष्टी. “आज टोमॅटो चांगले मिळाले.” “वरच्यांकडे पाहुणे आलेत वाटतं.” बोलून झालं की वाट बघत. मग स्वतःच “हं” म्हणत.

पुढच्या वर्षी सिनेमा तयार झाला. पहिला खेळ आमच्याच गावात, नगरपालिकेच्या सभागृहात, संध्याकाळी ठेवला होता. आम्हांला पहिल्या रांगेत बसवलं. मला वाटलं होतं, आई येणार नाही. पण ती सगळ्यांआधी तयार होऊन बसली होती. मी मध्ये, एका बाजूला आई, एका बाजूला बाबा.

सिनेमा सुंदर होता. माझ्या तोंडून हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल, पण खरं ते सांगायला हवं. रेवदंड्याचा समुद्र, नारळाच्या वाड्या, मुंबईच्या आमच्या चाळीचा जिना, हे सगळं तामार तिकडे जाऊन टिपून आली होती. बाबा बोलत होते. आईचे हात तेवढे दिसले, सांदणं काढताना. मागं मंद संगीत. लोक मुसमुसत होते.

मग ट्रक आला. मावळतीची वेळ, लाल वाळू. नटानं उडी मारली, छाती पुढे काढून, बाबांनी शिकवली तशी. सभागृहात टाळ्या पडल्या. तो वळला आणि त्यानं वर बघत दोन्ही हात पसरले. वर ओर्ना होती. तिच्या मांडीवर मेरावचं बाळ. आमच्यानंतर दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी हे चित्रण केलं होतं, ते आम्हांला माहीत नव्हतं. ओर्ना डोळ्यांतलं पाणी पुसून हसली. आणि बाळ उचलून तिनं पुढे केलं.

“देऊ नको गं!”

आई उभी राहिली होती.

“देऊ नको! बाई, देऊ नको त्याच्याकडे! बस तिथंच!”

तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. मराठी समजणारी जी चार म्हातारी माणसं होती, ती लांब मागे होती. त्यांना शब्द ऐकू गेले की नाही, देव जाणे. पडद्यावर नटानं बाळ छातीशी घेतलं आणि संगीत वर चढलं. आमच्या मागच्या रांगेतली एक बाई रडत रडत पुढं वाकली आणि आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “आठवलं ना सगळं? किती आनंदाचा दिवस असेल तो.” मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पाहता पाहता सगळे उभे राहून, आईकडे तोंड करून टाळ्या वाजवायला लागले. आई त्या गजरात अजून ओरडत होती. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. शब्द ऐकू येत नव्हते.

सिनेमा संपल्यावर नगराध्यक्षांनी बाबांचं नाव पुकारलं. पहिला उतरलेला माणूस, असंच पुकारलं. बाबा उठले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून, रिकाम्या पडद्याकडे बघत बसून राहिले. लोकांना वाटलं, गहिवरले. तामारनं खाली येऊन मानचिन्ह त्यांच्या मांडीवर ठेवलं. निघताना ते तिथंच खुर्चीत राहिलं, नंतर कुणीतरी ते घरी आणून दिलं.

मी दोघांना घरी पोचवलं. आई स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी तिला पाणी दिलं. बाबा कोट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

“सिपोरा,” आईनं विचारलं, “हा सिनेमा आणखी कुठं दाखवतील का गं?”

“दाखवतील. तेल अवीवला आहे पुढच्या महिन्यात. मग परदेशात. मुंबईलाही पाठवणार म्हणते तामार.”

“म्हणजे पुष्कळदा.”

“हो, पुष्कळदा.”

तिनं पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

“मग ती दर वेळी त्याला देऊनच टाकणार,” आई म्हणाली.